जोडीची बाटली

१

मालकीणबाईंनी कपाट उघडलं आणि त्यांचा हात दारावरच राहिला. वरचा खण रिकामा होता. धुळीत बाटलीच्या बुडाएवढा एक स्वच्छ गोल तेवढा दिसत होता, आणि त्याच्या कडेला लाल लाखेचा एक टवका.

"काल संध्याकाळी होती," त्या म्हणाल्या. "मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती."

दुकानात त्या वेळी एकच गिऱ्हाईक होतं. दर शनिवारी अकराच्या ठोक्याला येऊन वाइनची एक बाटली नेणाऱ्या बाई. या बाई वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होत्या. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी आसपासचे दुकानदार त्यांना मापबाईच म्हणत आणि त्या आत शिरल्या की उगाचच काट्यावरची धूळ पुसत. नवरा नाही, मूल नाही, भाची परदेशात. आठवड्यात त्या कुणाशी सलग दहा मिनिटं बोलत असतील तर ती इथेच, शनिवारी.

"मापबाई, जरा आत या," मालकीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "सील, कुलपं, हे तुम्हाला कळतं. पोलिसांना बोलावलं तर उद्या सगळीकडे बोभाटा होईल."

प्रकार असा होता. दरवर्षी सहा एजंट या दुकानाकडे आपापली एक स्वस्तातली वाइन पाठवत, प्रत्येकी दोन बाटल्या. मालकीणबाईंचा धाकटा भाऊ एकेक बाटली उघडून, मानेपासून बुडापर्यंत वर्तमानपत्रात गुंडाळून, वर आकडा घालून ठेवी. दुकानाचे चाखणारे काका त्या चाखत आणि एक आकडा निवडत. तीच वर्षाची बाटली. तिची खोकीच्या खोकी मागवली जात. निवडलेल्या वाइनची दुसरी, न उघडलेली जोडीची बाटली लाखेने बंद करून या कपाटात राही. माल आला की दोन्ही शेजारी शेजारी उघडायच्या, म्हणजे दाखवलं एक आणि पाठवलं दुसरंच असं व्हायला नको.

गुरुवारी चारशे खोकी आली होती. मालकीणबाईंनी एक बाटली उघडली तर आत आंबटढाण पाणी. आज जोडीची बाटली उघडायची होती, आणि तीच नाहीशी झाली होती.

"एजंटानेच नमुन्यात चांगली वाइन भरून आपल्याला फसवलं, दुसरं काय," मालकीणबाई म्हणाल्या. "सोमवारी त्याच्या कंपनीला कळवते. त्याला घरी बसवल्याशिवाय राहणार नाहीत ते."

मापबाईंनी कुलूप बघितलं. त्यावर साधा ओरखडाही नव्हता. किल्ली गल्ल्यामागच्या खिळ्यावर नेहमीसारखी लटकत होती. म्हणजे चोर या दुकानात रोज उठबस करणारा होता.

२

चाखणारे काका तेव्हा बाहेर फळीपाशीच उभे होते.

सात वर्षांपूर्वी मापबाई पहिल्यांदा इथे आल्या त्या सवयीने, बाटलीत माल पुरेसा भरलाय का बघायला. काकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, माप बरोबर आहे, बाटली मात्र चुकीची उचललीत." तेव्हापासून दर शनिवारी काका बाटली निवडणार, तिचा वास कसा येईल ते एका चिठ्ठीवर लिहून देणार, आणि बाई ती घरी नेऊन आठवडाभर पुरवणार, असं ठरूनच गेलं होतं.

काकांची शिकवणी फुकट असे. द्राक्षमळ्यांच्या प्रसिद्ध टेकडीच्या नावाचे पैसे देऊ नका, तिच्या पलीकडच्या उतारावरची घ्या, ऊन तेच आणि माती तीच. परदेशी गेलात तर विमानतळावर एक थेंबही घेऊ नका, गावातली माणसं घरचे कॅन भरून घ्यायला जिथे उभी राहतात तिथे जाऊन उभे राहा. आणि जड बाटली हातात आली की ती परत फळीवर ठेवा, काचेचे पैसे आपण का म्हणून द्यायचे? बाई कधी परदेशी गेल्या नव्हत्या आणि जाणारही नव्हत्या. पण ते कॅन घेऊन उभे असलेले लोक त्यांना घरच्यासारखे ओळखीचे झाले होते.

"ऐकलंत ना आतलं?" बाईंनी विचारलं.

"ऐकलं." काकांनी फळीवरून दोन बाटल्या काढल्या, एक या हातात, एक त्या हातात. क्षणभर तशाच धरल्या आणि डाव्या हातातली बाईंपुढे केली. "ही न्या आज."

"तुम्हाला काय वाटतं?"

"एजंट लोकांचं काय सांगावं," काका म्हणाले. एरवी ते समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलत. आज ते बाटलीकडे बघत होते. चिठ्ठी लिहून त्यांनी तिची घडी घातली आणि लांबच्या कोपऱ्यात जाऊन खोकी सारखी करू लागले.

बाईंनी चिठ्ठी उलगडली. काळी मनुका, लवंग, ओली माती. त्यांच्या मनात काहीतरी खुपलं. हेच शब्द त्यांनी याआधी कुठेतरी वाचले होते.

३

धाकट्या भावाला कोणी विचारायचीच खोटी होती.

"माझ्यावर संशय घ्या, खुशाल घ्या," तो म्हणाला. "बाटल्या गुंडाळतो मी, किल्ली कुठे असते ते मला माहीत, आणि या जुन्या पद्धतीला मी उघड उघड शिव्या देतो. दुकानात काय खपतं ते बिलाचं मशीन सांगतं. नाक कशाला हवं?"

"निवडीच्या दिवशीचं सांगा. निवडलेली बाटली कुणी उघडली?" मापबाईंनी विचारलं.

"मीच. सहातली तेवढीच फिरकीच्या झाकणाची होती, बाकी बुचाच्या. झाकण फिरवलं की खालचं कडं तुटतं ना, ते माझ्या बोटात घुसलं. हे बघा." त्याने अंगठ्यावरची पांढरी रेघ दाखवली.

"म्हणजे झाकण तोपर्यंत उघडलेलं नव्हतं."

"कडं तुटलेलं असतं तर अंगठा कशाला कापला असता?"

"आणि उघडल्यापासून काका येईपर्यंत?"

"मी गुंडाळत होतो, ताई समोर बसली होती. आम्ही दोघंही हललो नाही. काका आले, नेहमीसारखं ग्लासात ओतायला स्वतःच बाटली उचलली. आमच्या हाताने ओतलेलं त्यांना चालत नाही." तो जरा थांबला. "खरं सांगू? काकांना आता घरी बसवा असं मी ताईला वर्षभर सांगतोय. परदेशात मळ्यांवर जायचं म्हटलं की गुडघे दुखतात म्हणे. वर्षात दोनदा जायचे, गेल्या वर्षी एकदाही नाही. आणि इथे शिडीवर चढतात ते काय गुडघ्यांशिवाय?"

चौतीस वर्षांत मापबाई एक गोष्ट शिकल्या होत्या. काटा खोटा निघाला की सगळे दुकानदाराकडे बघतात, वजनाकडे कोणी बघत नाही.

झाकण शाबूत होतं. नमुन्यात कुणीही काहीही भरलेलं नव्हतं. म्हणजे एजंट निर्दोष होता. मग जोडीच्या बाटलीची भीती होती तरी कुणाला?

४

एजंट साडेबाराला आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, आणि पायांत झिजलेले बूट. समोर ठेवलेल्या चहाला त्याने हातही लावला नाही.

"मी चोरीन कशाला?" तो मालकीणबाईंना म्हणाला. "ती बाटली उघडा म्हणून परवापासून मीच तुमच्या मागे लागलोय. तीच तर माझी साक्षीदार आहे. तिच्यात आणि खोक्यांतल्या वाइनमध्ये काडीचा फरक निघाला तर मी स्वतः राजीनामा लिहितो."

"फरक कसा निघणार नाही? जानेवारीत काकांनी जे लिहिलं, ते आणि हे पाणी..."

"काकांनी लिहिलं. तुम्ही चाखलीत ना त्या दिवशी? तुम्हाला कशी लागली?"

मालकीणबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"काकांचं चाखून झालं होतं," त्या म्हणाल्या. "काळी मनुका, लवंग, असं त्यांनी लिहिलं होतं. मला आंबट लागली. पण तीस वर्षांत त्यांचं एकदाही चुकलं नाही. मला वाटलं, आपल्याच जिभेला कळत नाही. काय बोलणार?"

मापबाईंनाही गेलं वर्षभर हेच वाटत होतं. शनिवारच्या बाटल्या हल्ली पाणचट लागत, चिठ्ठीवरचा वास ग्लासात सापडत नसे. वय झालं, जीभ गेली, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं, आणि काकांना सांगायचं टाळलं होतं. एवढ्या आपुलकीने निवडून देणाऱ्या माणसाला तोंडावर काय सांगायचं?

"ती बाटली सोमवारपर्यंत मिळाली नाही तर माझं काही खरं नाही," एजंट उठता उठता म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

बाई घाईने घरी निघाल्या. त्यांच्या घरात शंभरेक साक्षीदार होते आणि ते सगळे बाल्कनीत होते.

५

एकटी बाई दर आठवड्याला कचऱ्यात वाइनची बाटली टाकते म्हटल्यावर जिन्यातल्या बायका काय काय बोलतील, या भीतीने मापबाईंनी गेल्या दोन वर्षांच्या रिकाम्या बाटल्या धुऊन बाल्कनीत रांगेने लावल्या होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात काकांची चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली, मागे तारीख. का बांधल्या, हे त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. घरात दुसऱ्या कुणाच्या हातचं अक्षर नव्हतं, एवढंच.

खात्याने निरोपाला दिलेला तराजू त्यांनी टेबलावर मांडला. एकेक बाटली पारड्यात घालायची आणि वजन वहीत लिहायचं. कितीतरी वर्षांनी हाताला खरं काम मिळालं होतं आणि मन मात्र थाऱ्यावर नव्हतं.

पहिल्या चाळीसेक बाटल्या सगळ्या तऱ्हेच्या होत्या. काही हलक्या, बऱ्याच मधल्या, आणि दोन-तीन चांगल्या जड. म्हणजे वाइन खरंच चांगली असेल तर काका स्वतःचा नियम बाजूला ठेवत. त्यांच्या चिठ्ठ्याही तऱ्हेतऱ्हेच्या होत्या. एकीवर 'पाऊस थांबल्यावरचा गोठा, घाबरू नका, चांगला असतो' असं लिहिलं होतं. वाचून बाईंना हसू आलं.

मग गेल्या वर्षीचा मार्च आला. त्यानंतरची प्रत्येक बाटली चारशे ग्रॅमच्या आत. एक नाही, दोन नाही, साठच्या साठ. आणि चिठ्ठ्यांवर आलटून पालटून तेच चार-पाच वास. काळी मनुका, लवंग, ओली माती.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. बाटली कितीही कागदात गुंडाळा, उचलणाऱ्या हाताला तिचं वजन कळतंच. आणि ओतायला काका स्वतःच उचलत; हाताला सगळ्यात हलकी लागली, तीच त्यांची निवड. परदेशातल्या मळ्यांवर मात्र वाइन पिंपातून थेट ग्लासात काढून देतात. तिथे उचलायला बाटलीच नसते, म्हणून काकांचे गुडघे दुखत होते.

आता राहिला होता फक्त त्यांच्या दारापर्यंतचा रस्ता. सात वर्षांत त्या तिथे कधी गेल्या नव्हत्या. आणि आज गेल्या तर यापुढच्या शनिवारांचं काय होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अर्धा तास त्या चपला पायांत घालून दाराशी बसून राहिल्या. मग एजंटचे ते झिजलेले बूट आठवले आणि त्या उठल्या.

६

काकांच्या जिन्यातच करपलेल्या दुधाचा वास भरला होता. दार काकांनीच उघडलं, हातात पुस्तक, डोळ्यांवर चष्मा. आत ओट्यावर पातेल्यातून धूर निघत होता आणि काका त्याच्याकडे पाठ करून शांतपणे म्हणाले, "तुम्ही? या की. बसा."

बाई न बोलता आत गेल्या आणि त्यांनी गॅस बंद केला.

काकांनी पातेल्याकडे बघितलं, मग बाईंकडे.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"गेल्या वर्षी फेब्रुवारीत ताप आला होता. ताप गेला, जाताना हे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. नाही आलं." ते खुर्चीत बसले. "तुम्हाला कसं कळलं?"

"शंभरेक बाटल्यांचं वजन केलं."

काका किंचित हसले. "वाटलंच होतं मला, पकडलं तर तुम्हीच पकडणार."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"काय सांगू? चाखणाऱ्याला वास येत नाही, चव लागत नाही? दुसरं काय आहे माझ्याकडे?" त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. "तिथे कपाटात हिच्या साड्या आहेत. ही जाऊन पाच वर्षं झाली. रोज सकाळी कपाट उघडायचो, मिनिटभर उभा राहायचो, मग दिवस बरा जायचा. तापातून उठल्यावर उघडलं तर नुसतं कापड. तेव्हा कळलं की ती आता गेली."

बाईंनी पातेलं नळाखाली धरलं.

"दोन्ही बाटल्या शेजारी उघडल्या असत्या तर एकच वाइन निघाली असती," काका म्हणाले. "माझी निवडच वाईट, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. म्हणून शुक्रवारी जाताना काढली. निवडताना माझंच चुकलं, हे म्हणायची लाज वाटली हो."

"त्या एजंटाची नोकरी जाईल."

"सकाळपासून तेच डोक्यात आहे." त्यांनी टेबलाखालून बाटली काढली. लाल लाख एका बाजूला उडाली होती, बाकी सील शाबूत. "ही घ्या. तुम्हीच द्या नेऊन."

बाईंनी हात पुढे केला नाही. काकांना दुखवायचं त्यांच्या मनात नव्हतं, पण चौतीस वर्षांत त्यांनी कुणाचंही खोटं माप चालवून घेतलं नव्हतं.

"मी सोमवारी दहा वाजता दुकानात जाणार आहे," त्या म्हणाल्या. "दुकान नऊला उघडतं."

७

सोमवारी दहाला त्या पोचल्या तेव्हा जोडीची बाटली गल्ल्यावर उघडी होती आणि शेजारी खोक्यातली. एकच वाइन, एकच आंबट पाणी. एजंट खुर्चीत बसून चहा पीत होता. मालकीणबाईंचे डोळे सुजले होते. काका येऊन, सगळं सांगून, निघूनही गेले होते. "मी जा म्हटलं नाही हो," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "तेच म्हणाले, आता इथे माझं काय काम."

शनिवारी अकराला मापबाई दुकानात गेल्या. फळीपाशी कुणी नव्हतं. त्यांनी पलीकडच्या उतारावरची एक बाटली शोधली, नाव न ऐकलेल्या गावाची. मधल्या वजनाची होती. घेऊन त्या सरळ काकांच्या दारात उभ्या राहिल्या.

"निवडायला कुणी नव्हतं," त्या म्हणाल्या. "मीच निवडली. चाखून सांगा."

"मी काय सांगणार?" काका दारातच होते. दाढी वाढलेली.

"मग मी सांगते. तुम्ही ऐका."

दोन ग्लास मांडले गेले. काकांनी सवयीने बाटली उचलली, तोलली, ओतली. बाईंनी नाक ग्लासात घातलं. आयुष्यभर त्यांनी जगाला ग्रॅममध्ये सांगितलं होतं, वासाला त्यांच्याकडे शब्द नव्हते.

"मनुका वगैरे काही नाही," त्या संकोचून म्हणाल्या. "माझंच चुकत असेल. म्हणजे... मला आपला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. तळघरात खोकी भिजून पडल्यासारखा."

काकांचा ग्लास हवेतच थांबला. "नक्की? ओला पुठ्ठा?"

"नक्की. सॉरी हं. चांगली असेल ती, मलाच..."

"चांगली कुठली! बूच सडकं आहे." काका ताठ बसले होते, आठवड्यात पहिल्यांदाच. "एका बाटलीचं होतं असं, वाइनचा दोष नाही. तुमचं नाक शाबूत आहे, बाई. वर्षभर शाबूत होतं. मीच तुम्हाला चुकीच्या चिठ्ठ्या देत होतो." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "अशी बाटली दुकानाने बदलून द्यायची असते. पण बुचाचा दोष आहे, हे त्यांना नीट पटवून द्यावं लागतं."

"मला नाही पटवता येणार," बाई म्हणाल्या. "मला नुसता वास येतो, तो कशाचा ते कळत नाही."

काका खिडकीबाहेर बघत बसले. बाईंनी बूच परत दाबून बसवलं, बाटली पिशवीत घातली, आणि पिशवीचा एक बंद स्वतःच्या हातात ठेवून दुसरा मोकळा सोडला.

"अकरा चाळीस झालेत," त्या म्हणाल्या. "शनिवारी एकला बंद करतात."

काका उठले, कोपऱ्यातल्या चपला पायांनी ओढून घेतल्या, आणि पिशवीचा मोकळा बंद धरला.